स्तंभावरील नावे आणि स्तूपावरील नावे

दरवर्षी १ जानेवारीला पेरणे येथील भीमा-कोरेगावच्या जयस्तंभास अभिवादन करून अनेक उपासक-उपासिका वढू बुद्रुक येथे जातात. तेथे छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आहे, तशीच गोविंद गोपाळ महार यांचीही आहे. महाराजांचे अंत्यसंस्कार गोविंद गोपाळांनी केले, अशी आपल्या समाजात परंपरा आहे. ती न मानणारेही आहेत. डिसेंबर २०१७ मध्ये या समाधीजवळच्या फलकावरून तंटा झाला आणि १ जानेवारी २०१८ रोजी त्या परिसरात हिंसाचार उसळला. स्मारकावर कोणाचे नाव असावे, हा आपल्याकडे केवळ इतिहाससंशोधकांचा प्रश्न नाही, हे त्यातून सर्वांनाच कळले.

वढूजवळ तुळापूरला भीमेस मिळणारी इंद्रायणी मावळातून येते. तिच्याच खोऱ्यात भाजे येथील लेणी आहेत. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकापासूनची ही लेणी पाहण्यास मोठी गर्दी होते. चैत्यगृहाची कमान, तिच्या छताच्या अद्याप टिकून असलेल्या लाकडी फासळ्या आणि विहारातील शिल्पे यांचे वर्णन कलासमीक्षक आवर्जून करतात. चैत्यगृहापासून थोड्या अंतरावर चौदा स्तूपांचा समूह आहे. पाच स्तूप कातळाच्या आत आणि नऊ बाहेर. बहुतेक प्रेक्षक त्यांच्याकडे पाठ करून छायाचित्र काढतात आणि पुढे जातात.

हे स्तूप शोभेसाठी कोरलेले नाहीत. तेथे राहून निर्वाण पावलेल्या भिक्खूंची ती स्मारके होत. काहींवर लेख आहेत. त्यांत ‘थेर’, ‘भदंत’ या आदरवाचक शब्दांसह धम्मगिरी, संघदिन अशी नावे वाचता येतात. महापरिनिब्बान सुत्तात स्तूपास पात्र असे चौघे सांगितले आहेत : सम्यक् संबुद्ध, प्रत्येकबुद्ध, तथागतांचा श्रावक आणि चक्रवर्ती राजा. म्हणजे स्तूपाचा मान केवळ बुद्धाचा किंवा सम्राटाचा नाही. मार्गावर चाललेल्या शिष्याचाही आहे. असा स्तूप पाहून पुष्कळांचे चित्त प्रसन्न व्हावे, हे त्याचे प्रयोजन तेच सुत्त सांगते. स्तूपापाशी काही मागावयाचे नसते, स्मरावयाचे असते.

आता दोन्ही ठिकाणची नावे शेजारी ठेवून पाहावी. जयस्तंभावर कोरलेल्या ४९ नावांपैकी २२ नावांच्या अखेरीस ‘नाक’ आहे. त्या एका प्रत्ययामुळे ते वीर महार होते हे आपणास कळते. स्तंभ कंपनी सरकारने स्वतःच्या विजयासाठी उभारला. परंतु १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे गेले आणि ती नावे आपल्या समाजाच्या स्वाभिमानाची झाली. भाज्याच्या थेरांची नावे मात्र जन्माविषयी काहीच बोलत नाहीत. धम्मगिरी कोणत्या कुळातले, संघदिन कोणत्या जातीतले, हे विचारण्यास तेथे जागाच ठेवलेली नाही. नद्या समुद्रास मिळाल्यावर आपली पूर्वीची नावे टाकतात, तसे चारही वर्णांचे लोक संघात येऊन आपले पूर्वीचे नाव-गोत्र टाकतात, या बुद्धवचनाचा अर्थ या स्तूपांपाशी प्रत्यक्ष दिसतो.

म्हणून आपल्या स्तूपदर्शनाविषयीही थोडे कठोरपणे बोलले पाहिजे. सहलीला येणाऱ्यास तेथे दगड दिसतो, माणूस दिसत नाही. आपण त्रिसरण-पंचशील म्हणतो, ‘हे सारे आपले होते’ असे अभिमानाने सांगतो आणि उतरतो. हा अभिमान खोटा नाही. ज्यांचा इतिहास पुसला गेला त्यांनी तो सांगितलाच पाहिजे. परंतु स्तूपाकडे केवळ मालकीचा पुरावा म्हणून पाहिले, तर ज्या थेरांनी ‘आपले’ आणि ‘परके’ हा भेदच सोडला, त्यांचे नाव आपणही वाचलेले नसते.

स्तंभ नाकारून स्तूपाकडे जावे, असे येथे म्हणावयाचे नाही. ज्याचे नाव पुसले जाते त्याने प्रथम नाव मिळविले पाहिजे. वढूचा तंटा हेच सांगतो. पण बाबासाहेब १९२७ च्या स्तंभापाशी थांबले नाहीत. २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांनी देहूरोड येथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धम्मदीक्षा घेतली. देहूरोडवरून जाणारी लोकल मळवलीला थांबते. तेथून भाजे गाव जवळ आहे. पुढील १ जानेवारीला स्तंभावरील नावे वाचणाऱ्यांनी एकदा तेथेही जावे. चौदा स्तूपांपाशी शांतपणे उभे राहावे, लेख शोधावेत, धम्मगिरी आणि संघदिन ही नावे मुलांना मोठ्याने वाचून दाखवावीत. मूल विचारील, ‘हे कोण होते?’ ‘हे भिक्खू होते’ एवढे उत्तर पुरेसे आहे.