स्लेजहॅमर

ब्रिटिश गायक-संगीतकार पीटर गेब्रिएल (१३ फेब्रुवारी १९५०– ) याच्या याच नावाच्या गीतावरील विख्यात दृश्यफीत (१९८६). दिग्दर्शक स्टीव्हन आर. जॉन्सन. सजीवीकरण ब्रिस्टल येथील आर्डमन ॲनिमेशन्स आणि क्वे बंधू यांचे. १९८७ मध्ये तिला एमटीव्ही वाहिनीची नऊ पारितोषिके मिळाली.

त्या काळी अशा फिती बहुधा ध्वनिमुद्रिकेची जाहिरात म्हणून व गायकाची छबी खुलविण्यासाठी काढल्या जात. येथे गायक स्वतःच सजीवीकरणकारांच्या हातांतील बाहुले झाला आहे. काचेखाली तो सुमारे १६ तास पडून होता. काचेवरील वस्तू किंचित सरकवायची, एक चौकट टिपायची, पुन्हा सरकवायची, अशी ही रीत. त्याच्या डोक्याभोवती खेळण्यातील आगगाडी फिरते. चेहऱ्यावर आकाश व ढग रंगविले जातात. फळांचा मिळून चेहरा बनतो (सोळाव्या शतकातील इटालियन चित्रकार आर्चिम्बोल्दो येथे आठवल्यावाचून राहत नाही). पिसे काढलेल्या, मुंडकी नसलेल्या कोंबड्यांचा नाच निक पार्कचा.

गीतातील शृंगारिक रूपके चित्रात जवळजवळ शब्दशः उतरली आहेत. एरवी हा दोषच. येथे मात्र त्यातून विनोद निर्माण होतो. देहाची हालचाल सलग नाही, चौकटीगणिक तिला हिसका बसतो. तो दडविण्याचा प्रयत्न केलेला नाही आणि गीताच्या ठाशीव तालाशी तो नेमका जुळतो. अखेरचा सामूहिक नाच त्या मानाने सामान्य आहे; त्यानंतर दिव्यांनी मढलेली मानवाकृती तारकांकित आकाशात मिसळून जाते, ते दृश्य मात्र प्रभावी आहे.