मेद घटला, स्नायू वाढले? : एका प्रयोगाची चिकित्सा

शालेय पाठ्यपुस्तकांत प्रथिनांची ओळख 'शरीराची बांधणी करणारे अन्नघटक' अशी करून दिलेली असते. ही ओळख चुकीची नाही, पण अपुरी आहे. विद्यार्थी व्यायामशाळेत जाऊ लागला की तेच वाक्य त्याला जाहिरातीत निराळ्या रूपात भेटते : प्रथिने दुप्पट घ्या, चरबी जाईल आणि स्नायू वाढतील. मग तो वर्गात विचारतो, "सर, हे खरं आहे का?" अशा वेळी 'जाहिरातींवर विश्वास ठेवू नये' एवढे उत्तर पुरत नाही. कारण या दाव्यामागे खरोखरीचा एक प्रयोग आहे आणि तो चांगला आहे. म्हणूनच तो नीट वाचायला हवा.

कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात लाँगलँड, फिलिप्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला हा प्रयोग 2016 साली प्रसिद्ध झाला. वजन जास्त असलेल्या 40 तरुण पुरुषांचे त्यांनी दोन गट केले. दोन्ही गटांना चार आठवडे गरजेपेक्षा सुमारे 40 टक्के कमी उष्मांकांचा आहार दिला. दोन्ही गटांकडून आठवड्यातून सहा दिवस कसून व्यायाम करून घेतला. त्यात वजने उचलणे आणि धाप लागेल असा वेगवान व्यायाम, दोन्ही होते. फरक एवढाच की एका गटाला शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे रोज 1.2 ग्रॅम प्रथिने मिळाली, तर दुसऱ्याला 2.4 ग्रॅम. महिन्याअखेर अधिक प्रथिनांच्या गटात मेद सरासरी 4.8 किलोग्रॅमने घटला आणि मेदविरहित वजन 1.2 किलोग्रॅमने वाढले. दुसऱ्या गटात हेच आकडे 3.5 आणि 0.1 असे होते.

प्रयोगाची रचना शाबासकी देण्याजोगी आहे. आहार संशोधकांनीच पुरवला, व्यायाम डोळ्यांसमोर करून घेतला आणि शरीरातील घटकांचे मापनही काळजीपूर्वक केले. आमची तक्रार प्रयोगाविषयी नाही. प्रयोगातून निघून गावोगाव पोहोचलेल्या त्या एका वाक्याविषयी आहे.

पहिला प्रश्न, तुलना कशाची झाली? व्यायाम दोन्ही गटांना होता. व्यायाम न करणारा तिसरा गट नव्हता. म्हणजे 'प्रथिने खाल्ल्याने स्नायू वाढले' असे हा प्रयोग सांगत नाही. 'एवढा व्यायाम करणाऱ्यांना अधिक प्रथिनांचा अधिक लाभ झाला' एवढेच तो सांगतो. शिवाय ज्याला आपण 'कमी' प्रथिनांचा गट म्हणतो, त्यालाही भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 2020 साली ठरवलेल्या 0.83 ग्रॅम या प्रमाणाच्या जवळजवळ दीडपट प्रथिने मिळत होती. एवढी उपासमार होऊनही त्या गटाचे मेदविरहित वजन घटले नाही. आमच्या मते प्रयोगातील ही सर्वांत उल्लेखनीय बाब आहे, पण तिचा उच्चार क्वचितच होतो.

दुसरा प्रश्न, मोजले काय? 'मेदविरहित वजन' म्हणजे स्नायू नव्हेत. त्यात पाणी, यकृतासारखी इंद्रिये, साठवलेले ग्लायकोजेन असे सारे येते. स्नायूंची खरी परीक्षा ताकदीत होते. ताकद तर दोन्ही गटांत सारखीच वाढली! हा निष्कर्ष त्याच निबंधात नोंदलेला आहे. जाहिरातीत तो येत नाही, याचे नवल वाटायला नको.

तिसरा प्रश्न, सरासरीच्या आड काय दडले आहे? दोन्ही गटांत मेदविरहित वजनातील बदलाचे प्रमाण विचलन सुमारे 1 किलोग्रॅम होते. म्हणजे 0.1 सरासरी असलेल्या गटातही कोणाचे किलोभर वाढले, तर कोणाचे किलोभर घटले. वरिष्ठ वर्गांना प्रमाण विचलन शिकवताना याहून जिवंत उदाहरण मिळणे कठीण.

आता थोडे गणित करू. समजा, तरुणाचे वजन 90 किलोग्रॅम आहे. दुप्पट प्रथिनांमुळे त्याने रोज 108 ग्रॅम, म्हणजे 28 दिवसांत सुमारे 3,000 ग्रॅम प्रथिने जादा खाल्ली. दोन गटांतील वाढीचा फरक 1.1 किलोग्रॅम होता. तो सगळा स्नायूंचाच होता असे घटकाभर मानू. स्नायूंत सुमारे तीन चतुर्थांश पाणी आणि जेमतेम 20 टक्के प्रथिने असतात. म्हणजे शरीरात राहिली सुमारे 220 ग्रॅम, जादा खाल्लेल्याच्या चौदाव्या हिश्श्याइतकी! बाकीच्यांपैकी बहुतेकांचे इंधन झाले आणि त्यांतील नायट्रोजन युरियाच्या रूपाने लघवीवाटे निघून गेला. विटा जास्त आणून टाकल्या म्हणून घर आपोआप उंच होत नाही. गवंड्याने काम करावे लागते आणि तो ठराविक वेगानेच काम करतो. इथे गवंडी म्हणजे व्यायाम.

हेच प्रमाण मोठ्या पटावरही दिसते. 2018 साली मॉर्टन व सहकाऱ्यांनी अशा 49 प्रयोगांचे, एकूण 1,863 व्यक्तींचे, एकत्रित विश्लेषण केले. वजने उचलण्याच्या व्यायामाने एका वेळी पेलता येणारे वजन सरासरी 27 किलोग्रॅमने वाढले होते. जादा प्रथिनांचा त्यात वाटा होता सुमारे अडीच किलोग्रॅमचा. किलोग्रॅममागे रोज सुमारे 1.6 ग्रॅमच्या पुढे मेदविरहित वजनात अधिक लाभ दिसला नाही.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. 'चरबीचे स्नायूंत रूपांतर होते' असे विद्यार्थी सर्रास बोलतात. मेदात नायट्रोजन नसतो, स्नायूंच्या प्रथिनांना तो लागतोच. मेद उष्मांक पुरवतो, बांधणीचा माल पुरवत नाही. म्हणूनच एकीकडे मेद जळत असताना दुसरीकडे स्नायू बांधले जाणे शक्य असते. त्या दोन वेगवेगळ्या क्रिया आहेत.

मग उपाशीपोटी प्रथिनांची गरज का वाढते? याचे उत्तर शोधताना डॉ. पां. वा. सुखात्मे यांची आठवण होते. साताऱ्याकडच्या या संख्याशास्त्रज्ञाने 1970च्या दशकात आग्रहाने मांडले की भारतीय आहारातील प्रथिनांची उणीव ही मुख्यतः अन्नाच्या, म्हणजे उष्मांकांच्या उणिवेतून येते. पोट भरले नाही तर शरीर प्रथिनेही चुलीत घालते. गरिबाची सक्तीची उपासमार आणि व्यायामपटूची हौसेची उपासमार यांत माणुसकीच्या दृष्टीने केवढे अंतर! पण पेशींच्या पातळीवर नियम एकच आहे.

राहता राहिला डब्याचा प्रश्न. 60 किलोग्रॅम वजनाच्या प्रौढ माणसाला 1.6 ग्रॅमच्या हिशेबाने रोज 96 ग्रॅम प्रथिने लागतील. 100 ग्रॅम तुरीची डाळ 22, अर्धा लिटर दूध 16, दोन अंडी 13, मूठभर म्हणजे 50 ग्रॅम शेंगदाणे 12 आणि भाकरी-पोळीचे 300 ग्रॅम पीठ 30, ही बेरीज 93 होते. अंडी न खाणाऱ्याने सोयाबीन वा पनीर घ्यावे. मात्र न्यायाने हेही सांगायला हवे की या अन्नाबरोबर सुमारे 2,000 उष्मांक येतात. उष्मांक फार कापून प्रथिने तेवढी ठेवायची असतील, तर हे जमवणे अवघड जाते. मॅकमास्टरच्या प्रयोगात व्हे, म्हणजे दुधाच्या निवळीतील प्रथिनांची पेये दिली, त्यामागेही अशीच सोय असते. भुकटी ही सोय आहे, जादू नव्हे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024च्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांनी तर शरीर कमावण्यासाठी प्रथिनांची पूरके टाळावीत, असेच सुचवले आहे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिने वाढवूच नयेत.

आम्हाला खरी काळजी वाटते ती निराळ्याच गोष्टीची. या प्रयोगातले सर्वजण प्रौढ होते, वजन जास्त असलेले होते आणि त्यांच्यावर तज्ज्ञांची देखरेख होती. पंधरा-सोळा वर्षांचा सडपातळ मुलगा जेव्हा त्याची नक्कल करू पाहतो, तेव्हा भुकटीवर आईवडिलांचे पैसे खर्च होतात एवढ्यावर ते थांबत नाही. वाढीच्या वयात तो जेवणही निम्म्यावर आणतो. शिक्षकाने त्याला रागावू नये. या प्रयोगाचे आकडे फळ्यावर लिहावेत आणि तुलना कोणाची, मोजले काय, माणसे कोण, हे तीन प्रश्न वर्गालाच विचारावेत. ज्या मुलाला ही सवय लागली, त्याला पुढची जाहिरात कोणी समजावून सांगावी लागणार नाही.