‘अस्पृश्य’ : शब्द कोणाचा, काळ कोणता?

गुप्तकाळ व त्यानंतरच्या पूर्वमध्ययुगावरील इतिहासग्रंथांत एक विधान वारंवार भेटते : फाहियानने अस्पृश्यांची स्थिती वर्णिली, ह्युएनत्संगाने अस्पृश्यांच्या वस्त्या नगराबाहेर पाहिल्या. वाचक पुढे जातो. आम्हांला मात्र तेथेच थांबणे भाग आहे, कारण या दोन्ही भिक्षूंच्या वृत्तांतात तो शब्दच नाही.

पाचव्या शतकाच्या आरंभी मध्यदेशात आलेल्या फाहियानने ‘चांडाल’ हे नाव चिनी लिपीत केवळ उच्चारानुसार उतरवून घेतले आणि ‘दुष्ट लोक’ असा त्याचा अर्थ दिला. ते वेगळे राहतात, नगरात शिरताना लाकूड वाजवतात, लोक ते ओळखून बाजूस होतात व अंगास अंग लागू देत नाहीत, असे तो सांगतो. म्हणजे स्पर्श टाळण्याचा आचार येथे आहे. परंतु तो एका नावाच्या लोकांपुरता आहे. मासे धरणारे व शिकारी यांचा उल्लेख तो मांसविक्रीच्या संदर्भात चांडालांसोबत करतो, पण लाकूड वाजवण्याची सक्ती त्यांच्यावर असल्याचे सांगत नाही. सातव्या शतकातील ह्युएनत्संग तर या ठिकाणी जातीचे नावच घेत नाही. खाटीक, मासे धरणारे, नट, वध करणारे, मैला काढणारे असे व्यवसाय तो मोजतो. त्यांच्या घरांवर खूण असे, ती नगराबाहेर असत आणि रस्त्याने जाताना त्यांना डाव्या कडेने चालावे लागे. एकाकडे नाव, दुसऱ्याकडे व्यवसाय; आमचे इतिहासकार दोन्हींवर विसाव्या शतकातील एकच शिक्का मारतात. नटही त्यात आला, याचे त्यांना नवल वाटत नाही!

हा शब्दांचा कीस आहे, असे कोणी म्हणेल. बाबासाहेबांना तसे वाटले नव्हते. 1948 च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात त्यांनी ‘अशुद्ध’ आणि ‘अस्पृश्य’ यांत काटेकोर भेद केला. फाहियानची साक्ष आपल्या सोयीची असूनही ती त्यांनी निर्णायक मानली नाही, कारण चांडालांविषयी ब्राह्मणांच्या मनात जे वैर होते त्यावरून सर्वसामान्य अस्पृश्यता सिद्ध होत नाही. बाणाच्या ‘कादंबरी’तील चांडालकन्या राजसभेत प्रवेश करते, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. अशी छाननी करूनच ते इ.स. 400 च्या आसपासच्या काळाकडे आले. सर्वच हीन गणलेल्यांना आरंभापासून ‘अस्पृश्य’ म्हणणाऱ्याने ही छाननी अनावश्यक ठरवली असे होते. शिवाय, जे सनातन असते त्याला कर्ता नसतो, ही सोय त्यातून आपोआप साधते.

विष्णुस्मृती व कात्यायन यांच्याकडे ‘अस्पृश्य’ शब्द येतो, हे खरे. पण ती शासन करणाऱ्याची भाषा आहे. लोकांचे नाव नव्हे. अकराव्या शतकात अल्बेरुनी अंत्यजांचे आठ व्यवसायगट सांगतो. त्यांत परीट, चांभार, विणकर, नावाडी, कोळी आहेत. डोम व चांडाल तो त्यांच्याहून निराळे, खालचे म्हणून नोंदवतो. येथे ‘अंत्यज’ म्हणजे ‘अस्पृश्य’ असे भाषांतर केले की त्याने पाहिलेली उतरंडच पुसली जाते.

आमच्या लेखकांनाही आम्ही यातून वगळत नाही. चांडाल म्हणजे पूर्वीचे बौद्धच, असे सिद्ध झाल्यासारखे लिहिले जाते. बाबासाहेबांनी ‘ब्रोकन मेन’विषयीचे म्हणणे प्रमेय म्हणून मांडले होते आणि दुवे जेथे सापडत नाहीत तेथे कल्पनेचा आधार घेतल्याचे त्यांनी स्वतःच सांगितले होते. पालि साहित्यात चांडाल, वेन, नेसाद, रथकार, पुक्कुस यांना ‘हीन’ म्हटलेले आढळते. मातंग जातकात चांडाल दृष्टीस पडताच श्रेष्ठिकन्या डोळे धुते. ती गद्यकथा आजच्या रूपात पाचव्या शतकाच्या सुमाराची असली, तरी त्यातील गाथा जुन्या मानल्या जातात. म्हणून हा पुरावा इ.स. 400 च्या आधीचा की नंतरचा, हे गाथा व गद्य वेगळे करून पाहावे लागेल. हे काम पालि जाणणाऱ्या आमच्याच अभ्यासकांनी हाती घ्यावयास हवे. तोवर आमच्या पानांवर फाहियानचा ‘चांडाल’ चांडालच राहील, आणि ह्युएनत्संगाचा नट नटच.