समान स्वरांतर आणि संवादतत्त्व : भातखंडे यांच्या थाटपद्धतीची एक चिकित्सा

प्रस्तावना :
पाश्चात्त्य संगीतात ‘होल टोन स्केल’ या नावाने ओळखली जाणारी स्वरश्रेणी सहा स्वरांची असून तिच्यातील लगतच्या कोणत्याही दोन स्वरांत एका पूर्ण स्वराचे अंतर असते. हिंदुस्थानी परिभाषेत षड्ज, शुद्ध रिषभ, शुद्ध गंधार, तीव्र मध्यम, कोमल धैवत व कोमल निषाद असे तिचे स्वर सांगता येतात. फ्रेंच संगीतकार देब्युसी याची ‘व्वाल’ ही पियानोरचना बहुतांशी याच स्वरांत बांधलेली असून ती १९१० मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी मुंबईत वाळकेश्वरला जन्मलेल्या पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चा पहिला भाग मराठीत निघाला. त्यांच्या १० थाटांत या श्रेणीला स्थान नाही. ते का नाही आणि थाटपद्धती स्वतः याचे उत्तर देऊ शकते काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

थाटाचे गणित :
षड्ज व पंचम अचल ठेवून उरलेल्या पाच स्वरांची प्रत्येकी दोन रूपे घेतली, की ३२ थाट संभवतात. वरील श्रेणीत पंचम मिळविल्यास होणारी रचना या ३२ मध्ये आहे. मात्र १० मध्ये नाही. कल्याण, मारवा, पूर्वी व तोडी या तीव्र मध्यमाच्या चारही थाटांत निषाद शुद्ध आहे. कर्नाटक संगीतात हीच रचना ऋषभप्रिया हा ६२ वा मेळकर्ता होय आणि पंचम वगळलेला तिचा जन्य राग गोप्रिया म्हणजे प्रस्तुत श्रेणीच होय. भातखंडे यांनी प्रचारातील रागांवरून थाट निवडले. त्यांची ही भूमिका व्यवहाराला धरून असली तरी प्रचार तसा का घडला, हा प्रश्न तिने सुटत नाही.

संवादाचा निकष :
याचे उत्तर भरताच्या संवादतत्त्वात मिळते. ज्या दोन स्वरांत ९ अथवा १३ श्रुतींचे अंतर असते, ते परस्परांचे संवादी होत. प्रस्तुत श्रेणीत षड्ज-मध्यम अथवा षड्ज-पंचम भावाची एकही जोडी मिळत नाही. शिवाय चार श्रुतींची सहा अंतरे २४ श्रुतींची होतात, तर सप्तक २२ श्रुतींचे आहे. म्हणजे श्रुतींच्या हिशेबात ही समान विभागणी बसतच नाही. ती समविभाजित पट्टीवरच नेमकी साधते. तंबोऱ्याची अडचण त्याहून मोठी आहे. पंचमवर्ज्य रागात पहिली तार मध्यमात किंवा निषादात मिळवितात. येथे शुद्ध मध्यमही नाही आणि शुद्ध निषादही नाही. षड्जाच्या तारेतून स्वयंभूपणे उमटणारा पंचम तर या श्रेणीला सतत छेद देत राहील.

मारव्यातही पंचम वर्ज्य आहे आणि भातखंडे यांनी सांगितलेले त्याचे वादी-संवादी, कोमल रिषभ व शुद्ध धैवत, काटेकोर अर्थाने संवादी नाहीत, असा आक्षेप येथे संभवतो. परंतु मारव्यात गंधार-धैवत, गंधार-निषाद आणि तीव्र मध्यम-निषाद या जोड्या संवाद टिकवून धरतात. चारुकेशी व वाचस्पती हे दाक्षिणात्य राग उत्तरेत रुजले, त्यांतही पंचम आहे. तेव्हा थाटात नसणे हा रागाच्या प्रवेशातील अडथळा ठरत नाही. संवादाचा अभाव मात्र ठरतो.

अध्यापनाच्या दृष्टीने :
पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०८ मध्ये मुंबईत गांधर्व महाविद्यालय सुरू केले. पुढे १९२५ मध्ये प्रा. बी. आर. देवधर यांनी ऑपेरा हाऊसजवळ संगीतविद्यालय काढले. गिरगाव-दादर परिसरात वर्गशिक्षणाची परंपरा अशी दृढ झाली. परीक्षाकेंद्री वर्गात ‘थाट जनक, राग जन्य’ हे सूत्र आधी पाठ होते आणि कान पेटीच्या पट्ट्यांवर तयार होतो. पेटीला मराठीत संवादिनी म्हणतात. तथापि तिच्या पट्ट्यांवर ही संवादहीन श्रेणीही तितक्याच सहजतेने वाजते. राग व निव्वळ स्वरसमूह यांतील भेद पट्टी दाखवीत नाही. तो तंबोऱ्यासमोरच कळतो.

निष्कर्ष :
थाट ही वर्गीकरणाची सोय आहे, रागाच्या उत्पत्तीचे कारण नव्हे. भातखंडे यांच्या कार्याचे मोल यामुळे उणावत नाही. परंतु त्यांच्या चौकटीत संवादाला वादी-संवादीच्या जोडीपुरतेच स्थान उरले, ही तिची मर्यादा मान्य करावी लागते. अभ्यासक्रमात थाटांच्या कोष्टकाआधी तंबोऱ्यावरील संवादश्रवणाचा समावेश झाल्यास, कोणते स्वरसमूह राग होतात आणि कोणते होत नाहीत, हे विद्यार्थ्याला पाठांतराविना उमगेल.