खाडीकाठी मुक्कामाला येणाऱ्या लेखकास

दोस्तहो, रात्रपाळी सुटल्यावर कोपरीत मधु मंगेश कर्णिकांची ‘माहीमची खाडी’ (१९६९) वाचली. खाडीकाठची झोपडपट्टी तिनं मराठी कादंबरीत आणली, हे मान्य. आजचा निसर्गलेखक मात्र ठाणे खाडीच्या कोळीवाड्यात चार दिवस मुक्काम करतो नि नुसते फ्लेमिंगो लिहून जातो.

२०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ साली रामसर यादीत नाव आलं. चांगलंच झालं. तिवरं जगलीच पाहिजेत. पण खाडीत शहराचा मैला येतो, तो वाहणाऱ्या गटारात उतरतो कोण? २०१३ चा कायदा असूनही माणसं आत मरतात. त्यांची जात कुठली? पाण्यालाही जात लावलीय, हे बाबासाहेबांनी १९२७ लाच महाडच्या चवदार तळ्यावर उघडं पाडलं.

लेखकमहाशय, मुक्काम करा. पाखरं मोजलीत, तशी माणसंही मोजा. मगच तुमच्या लिखाणाला आम्ही पर्यावरणाचं म्हणू.