‘ओल्ड ब्रॅग’ आणि डेऱ्यांतील पाऊस : माल्कमचरित्रांतील कांहीं विनोदी आख्यायिकांचें परीक्षण

जॉन विल्यम के यांनीं लिहिलेलें सर जॉन माल्कमचें चरित्र १८५६ सालीं लंडन येथें दोन खंडांत प्रसिद्ध झालें. मराठेशाहीच्या अखेरच्या पर्वाचा अभ्यास करणारास तें टाळतां येत नाहीं. परंतु आमच्याकडील अभ्यासक हा ग्रंथ तहांच्या तारखा, मुलखांच्या याद्या आणि गव्हर्नर जनरलचा पत्रव्यवहार एवढ्यापुरताच चाळतात, व मधून मधून आलेले थट्टेचे प्रसंग ‘साहेबलोकांची गंमत’ म्हणून सोडून देतात. इंग्रज वाचकांची तऱ्हा नेमकी उलटी. त्यांना तहाचें कलम आठवत नाहीं, गंमत तेवढी आठवते. आमच्या मतें दोघेही अर्धेंच पुस्तक वाचतात. इ. स. १८०३-०४ च्या हिंवाळ्यांत गाविलगडापासून बऱ्हाणपुरापर्यंत जें राजकारण झालें त्यांत विनोदानें प्रत्यक्ष कामगिरी बजावली, आणि ती कामगिरी स्वतः केसाहेबांनाही अर्धवटच उमगली, असें प्रस्तुत लेखीं दाखविण्याचा हेतु आहे.

हें परीक्षण आम्ही चिखलदऱ्यास बसून लिहीत आहों, आणि त्याचा एक फायदा असा, कीं त्या हिंवाळ्याचा नकाशा येथें पायांखालींच पसरलेला आहे. गाविलगडाचे बुरूज गांवापासून कोसाच्या आंत. घांट उतरला म्हणजे पायथ्याच्या मुलखांत देवगांव. पश्चिमेकडे मैदानांत अंजनगांव सुर्जी, आणि त्याच्याही पलीकडे अडगांव. २९ नोव्हेंबर १८०३ रोजीं अडगांवची लढाई झाली. १५ डिसेंबरास गाविलगड पडला व किल्लेदार बेनीसिंग कामास आला. १७ डिसेंबरास नागपुरकर भोसल्यांनीं देवगांवीं तह केला. ३० डिसेंबरास शिंद्यांच्या वकिलांनीं सुर्जी-अंजनगांवच्या तहावर सह्या केल्या. पुरता एक महिना, आणि एवढ्या अवधींत दोन मोठ्या मराठी संस्थानांचें भवितव्य या टापूंत ठरलें. तेथें हसण्यासारखें काय होतें, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे.

प्रथम डेऱ्यांतील प्रसंग पाहूं. तह झाल्यावर माल्कमची रवानगी दौलतराव शिंद्यांकडे झाली. जानेवारी १८०४ मध्यें त्यांची छावणी बऱ्हाणपुराजवळ होती. माल्कम त्या वेळीं चौतीस वर्षांचा, दौलतराव पंचविशीच्या आंतले. दिल्ली, असई, लासवारी आणि अडगांव अशा चार ठिकाणीं कंपनीच्या फौजांनीं तीन महिन्यांच्या आंत दौलतरावांची सेना मोडली होती. अशा जेत्याचा वकील आणि असा जित राजा समोरासमोर बसल्यावर बोलावें तरी काय? पहिल्या भेटींत महाराज गंभीरच राहिले. पुढें ते माल्कमच्या डेऱ्यांत परतभेटीस आले असतां जोराचा पाऊस लागला. डेऱ्याच्या छताचा एक भाग सपाट होता, तेथें पाण्याचा फुगा धरला. आणि नेमके त्याच्याखालीं यशवंतराव घोरपडे, म्हणजे अंजनगांवच्या तहावर सही करणारांपैकींच एक, बसले होते. एकाएकीं कापड फाटलें आणि तो सारा लोट घोरपड्यांच्या अंगावर आला. महाराज खदखदून हसूं लागले, दरबार हसूं लागला, आणि माल्कम तर हसण्यांत कोणास हार जाणारा गृहस्थ नव्हताच. पावसामागून गारा आल्या. त्या वेंचून आणल्या, सर्वांच्या पुढें ठेविल्या, आणि मुत्सद्दी मंडळी गारा खाऊं लागली. तो देखावा पौरस्त्य दरबारापेक्षां खेळावयास सुटलेल्या शाळेसारखा अधिक दिसत होता, अशा आशयाचें माल्कमनें लिहिलें आहे. आमचा सर्व जन्म शाळेंत गेला असल्यामुळें या उपमेची सत्यता आम्हांस निराळी पटवून द्यावयास नको. वऱ्हाड-खानदेशाकडे पौष-माघांत आभाळ फिरलें म्हणजे गारा पडतात, हेंही येथील शेतकऱ्यास ठाऊक आहे. तेव्हां वृत्तांताच्या हवामानविषयक भागावर शंका घेण्याचें कारण नाहीं.

या प्रसंगाचा पुरावा म्हणून विचार केल्यास तो बराच चांगला ठरतो. लिहिणारा स्वतः हजर होता; लिहिलें तें त्याच काळांत, खाजगी पत्रांतून; आणि त्या मजकुरांत स्वतःचें शौर्य किंवा चातुर्य सांगण्याचा हेतु दिसत नाहीं, उलट यजमानाचा डेरा फाटका होता एवढेंच सिद्ध होतें. केसाहेबांची टीका मात्र आम्हांस मान्य नाहीं. त्यांच्या लेखणीखालीं हा प्रसंग माल्कमच्या दिलखुलास स्वभावाचा दाखला बनतो. ‘बॉय माल्कम’ म्हणून तो मित्रमंडळींत प्रसिद्ध होता खरा. पण या प्रसंगांत महत्त्वाचें हसणें माल्कमचें नाहीं, तें दौलतरावांचें आहे.

नाट्यशास्त्रांत भरतमुनींनीं हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत : स्मित व हसित हे उत्तमांचे, विहसित व उपहसित हे मध्यमांचे, अपहसित व अतिहसित हे अधमांचे. या हिशेबानें राजानें फार तर ओठ विलग करावे. बऱ्हाणपुरास महाराज सहाव्या पायरीवर उतरले. आतां, ‘अमीर-उल्-उमराव’ म्हणविणारे घोरपडे भिजले असतां यजमानानें हसावें तर पाहुण्याचा अपमान होतो. शिंद्यांच्या सरदारांनीं हसावें तर वडीलधाऱ्याचा अपमान होतो. तेथें निर्दोषपणें हसण्याचा अधिकार एकट्या धन्याचा होता. दौलतरावांनीं तो बजावला, आणि तो बजावतांच डेऱ्यांत सर्वांत मोठा कोण, हें कोणासही न दुखवितां ठरून गेलें. चार लढायांनीं जी गोष्ट हिरावून घेतली होती, ती निदान त्या घटकेपुरती परत आली. हसण्याची सुरुवात ज्याच्या मर्जीनें होते त्याचाच दरबार, हा आमच्याकडील संकेत माल्कमला कळला होता असें त्याच्या पुढील वर्तनावरून वाटतें. केसाहेबांना तो कळलेला दिसत नाहीं.

येथें एक गोष्ट सहज मनांत येते. संस्कृत नाटकांत राजाशीं थट्टा करण्यासाठीं विदूषक नेमलेला असतो, परंतु मुद्राराक्षस या निखळ राजकारणाच्या नाटकांत विशाखदत्तानें विदूषक घातलाच नाहीं. चाणक्याच्या कारस्थानांत हंसूं मावत नाहीं, असें कवीस वाटलें असावें. बऱ्हाणपुरास ती उणीव पावसानें भरून काढली.

दुसरी आख्यायिका विठ्ठलपंतांची. सुर्जी-अंजनगांवच्या वाटाघाटींत शिंद्यांकडील प्रमुख वकील तेच. इंग्रजी कागदांत त्यांचें नांव ‘ईटल पंत’ अशा चमत्कारिक रूपांत येतें, तहाच्या सह्यांवरून तें विठ्ठल महादेव असें निश्चित होतें. होळकरशाहीचे तात्या जोग किबे हेही विठ्ठल महादेवच, आणि त्यांचाही माल्कमशीं १८१८ च्या मंदसोरच्या तहांत संबंध आला. तेव्हां कागदांची फोड करणारांनीं हे दोन पुरुष एक करूं नयेत. विठ्ठलपंतांचा चेहरा कोणत्याही प्रश्नानें हलत नसे. कलम त्यांच्या फायद्याचें असो वा सर्वस्वीं घातक असो, मुद्रा तीच. यावरून माल्कमनें त्यांना ‘ओल्ड ब्रॅग’ हें नांव ठेविलें.

या शब्दाकडे लक्ष द्यावें अशी आमची विनंति आहे. कोश उघडून ‘बढाईखोर म्हातारा’ असा अर्थ कोणी केल्यास तो सर्वस्वीं विपरीत होईल. ब्रॅग हा पत्त्यांचा इंग्रजी डाव आहे. हातांत पानें नसतां असल्याचा आणि असतां नसल्याचा आव आणणें, हें त्याचें मर्म. आणि त्या डावास असा चेहरा आपण कधीं पाहिला नाहीं, असें माल्कमचें म्हणणें होतें. म्हणजे हें नांव बढाईचें नसून न बोलण्याचें आहे. पुढें कित्येक वर्षांनीं युरोपांत माल्कमनें वेलिंग्टनला, फ्रान्सचा प्रख्यात मुत्सद्दी तालेरां तुम्हांस कसा वाटला, असें विचारलें. वेलिंग्टनचें उत्तर असें, कीं बराचसा आपल्या ओल्ड ब्रॅगसारखा, पण तितका हुशार नव्हे. नेपोलियन व बूर्बाँ या दोघांच्याही पदरीं टिकलेल्या पुरुषाला अंजनगांवच्या तंबूंतील एका ब्राह्मणाच्या खालीं बसविणारें हें वाक्य मराठी वाचकांस गोड वाटतें, आणि आम्हांसही वाटतें. परंतु परीक्षकानें गोडीवर थांबूं नये. ज्याच्याकडून दुआब, दिल्ली, आग्रा, भडोच आणि अहमदनगर घेतलें त्याच्या वकिलाची स्तुति करणें जेत्यास स्वस्त पडतें. शिवाय हातांत पानें नव्हतीं हें त्या टोपणनांवांतच गृहीत आहे. विठ्ठलपंतांचें माप काढावयाचें तर तें तहाच्या कलमांवरून काढावें : अशीरगड, बऱ्हाणपूर, पावागड व दोहद हीं परत मिळालीं. पानें नसतां एवढें परत आणणें ही कांहीं लहान गोष्ट नव्हे, आणि ती सांगण्यास तालेरांची गरज नाहीं.

तिसरी आख्यायिका माल्कमची नव्हे, त्याचा मित्र आर्थर वेलस्लीची. पण ती वऱ्हाडाची असल्यानें येथें वगळतां येत नाहीं. भोसल्यांकडून सुटलेल्या मुलखांपैकीं आपल्या धन्याच्या वांट्यास काय येणार, हें आधीं कळावें म्हणून निजामाच्या एका मुत्सद्द्यानें वेलस्लीस मोठी रक्कम देऊं केली. ‘तुम्हांस गुप्त गोष्ट गुप्त ठेवतां येते काय?’ असें वेलस्लीनें विचारलें. ‘अर्थात् येते,’ असें उत्तर आलें. ‘मलाही येते,’ म्हणून वेलस्लीनें त्यांस नमस्कार करून निरोप दिला. रकमेचा आंकडा चरित्रकारांगणिक बदलतो, आणि संवाद इतका घोटीव आहे कीं सांगतां सांगतां तो गुळगुळीत झाला असावा असा संशय येतो. तरी त्यांतील युक्ति ध्यानांत घेण्यासारखी आहे. दरबारी रिवाजांत देऊं केलेला नजराणा धिक्कारणें म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर मारणें. येथें लांच नाकारली गेली, पण नाकारली असा शब्द निघाला नाहीं. वकील हसत बाहेर पडूं शकला. गुप्त ठेवलेली ती वस्तु मात्र आमचा वऱ्हाड प्रांत होता. २८ एप्रिल १८०४ च्या हैद्राबादच्या तहानें वर्धेच्या पश्चिमेकडील मुलूख निजामाकडे गेला. गाविलगड व नर्नाळा हे किल्ले आणि अकोट, अडगांव, बडनेरा, भातकुली वगैरे चार लक्षांचा टापू देवगांवच्या तहानेंच भोसल्यांकडे राहिला होता. येथील रयतेस या विनोदाचा अर्थ कळण्यास बरींच वर्षें लागलीं.

विनोदानें राजकारण नेहमीं सुकर होतें, असें मात्र कोणी समजूं नये. बडोद्याचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन पुण्यास आले असतां त्यांच्याविषयीं एल्फिन्स्टनने जें टिपून ठेविलें आहे तें प्रसिद्धच आहे. शास्त्रीबोवा साहेबी ढंगानें झपझप चालत, दुसऱ्याचें बोलणें मध्येंच तोडीत, आणि पेशवे व त्यांचे कारभारी यांना इंग्रजी शिव्यांनीं संबोधीत. एल्फिन्स्टनला याचें कौतुक वाटलें. २० जुलै १८१५ रोजीं पंढरपुरास शास्त्र्यांचा खून झाला. खुनाचें मूळ गायकवाडांकडील येण्याच्या तंट्यांत व त्रिंबकजी डेंगळ्याच्या वैरांत आहे, शिव्यांत नाहीं. पण बऱ्हाणपूरच्या हसण्याशीं हें ताडून पाहिलें म्हणजे भेद स्पष्ट होतो. तेथें धनी स्वतः हसत होता. येथें धन्याच्या मागें, परक्याच्या समोर, त्याला हसलें जात होतें. एकानें तेढ सैल झाली, दुसऱ्यानें होती ती आणखी आवळली गेली.

महादजी शिंद्यांची थट्टा याहूनही निराळी. जून १७९२ मध्यें बादशाही सनदा व किताब घेऊन आलेला हा पाटील सवाई माधवरावांपुढें सर्व सरदारांच्या खालीं बसला, आणि बगलेंतून जोड्यांचा नवा जोड काढून, आमच्या वडिलांचें काम हेंच, म्हणून पेशव्यांच्या पायांशीं ठेविला. नाना फडणिसांस तें पाहून हसूं आलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. हा वृत्तांत १८२३ च्या मध्य हिंदुस्थानावरील ग्रंथांत स्वतः माल्कमनेंच लिहून ठेविला आहे, आणि सेवक म्हणवून सत्ताधीश झालेल्या पुरुषाचें मर्म त्यानें अचूक पकडलें आहे. दरबारी विनोद वाचण्याची त्याची दृष्टि त्याच्या चरित्रकारापेक्षां तीक्ष्ण होती, हें यावरूनही दिसतें.

आतां उरला परिणामांचा प्रश्न. २७ फेब्रुवारी १८०४ रोजीं माल्कमनें बऱ्हाणपुरास शिंद्यांशीं फौजेचा तह केला. पाठोपाठ ग्वाल्हेर व गोहद यांचा वाद उपस्थित झाला. अंजनगांवच्या कलमाचा कंपनीस सोयीचा अर्थ करावा, असा गव्हर्नर जनरलचा आग्रह. ग्वाल्हेर शिंद्यांकडेच राहिलें पाहिजे, असें माल्कमचें मत. त्यापायीं त्यानें आपल्या आश्रयदात्याची इतराजी पत्करली, आणि आर्थर वेलस्लीही या बाबतींत त्याच्याच बाजूस होता. अखेर २२ नोव्हेंबर १८०५ च्या मुस्तफापूरच्या तहानें दोन्ही ठिकाणें शिंद्यांस परत मिळालीं. सह्या करणारे इकडून मुनशी कमलनयन आणि तिकडून पुन्हां माल्कमच. ग्वाल्हेर गारांनीं मिळवून दिलें असें म्हणण्याइतके आम्ही भाबडे नाहीं. मधल्या काळांत लॉर्ड वेलस्ली परत गेला होता, कॉर्नवॉलिस व बार्लो यांचें धोरण निराळें होतें, होळकरांच्या लढाईनें कंपनीचा खजिनाही रिता झाला होता. परंतु ज्या राजाबरोबर आपण पोट धरून हसलों त्याच्याविरुद्ध कलमाचा कुटिल अर्थ लावणें माल्कमला जड गेलें असावें, हें अनुमान आम्हांस अवास्तव वाटत नाहीं. केसाहेबांनीं गंमत एका प्रकरणांत आणि ग्वाल्हेरचा वाद दुसऱ्यांत घातला, व दोहोंमधील दोरा तसाच लोंबत ठेविला.

या सर्व वृत्तांतांत साक्षी एकाच बाजूचे आहेत, ही गोष्ट संग्राहकांनीं मनावर घ्यावी. शिंदेशाहीशीं संबंध असलेल्या घराण्यांच्या दप्तरांत शके १७२५ च्या पौष-माघांतील पत्रें हातीं लागल्यास तहाच्या मजकुराखालीं जो किरकोळ मजकूर असतो, पाऊस फार झाला, गारा पडल्या, अमक्यास नवा पोषाख द्यावा लागला, तो नकलेंतून गाळूं नये. घोरपड्यांच्या ओल्या पागोट्याची मराठींत एक ओळ सांपडली, तरी केसाहेबांच्या त्या पानाच्या समासांत लिहावयास पुष्कळ जागा आहे.