मुलांचे मनोविकार आणि घरातील मराठी

शरीराच्या आजारासंबंधी बोलताना मराठी एक ठराविक वाक्यरचना वापरते. ‘मुलाला ताप आला’, ‘मुलीला कावीळ झाली’ या वाक्यांत आजार कर्ता असून मूल चतुर्थीत असते. आलेला ताप उतरतो, झालेली कावीळ बरी होते. म्हणजे उपचाराची अपेक्षा त्या वाक्यातच अनुस्यूत असते. मनाच्या आजाराविषयी मात्र घरातील भाषा ही रचना सोडून देते. ‘पोरगा एककल्ली आहे’, ‘मुलगी हट्टी आहे’, ‘नाटके करतो’ अशा वाक्यांत दोष थेट मुलाला चिकटतो. आजार हाच स्वभाव ठरला, की वैद्याऐवजी छडीची आठवण होते.

‘वेड लागणे’ या प्रयोगात चतुर्थी आहे, असा आक्षेप येथे संभवतो. परंतु ज्या क्रियापदाने भूत आणि दृष्ट लागते, त्याच क्रियापदाने वेडही लागते. लागलेले उतरवून घ्यावयाचे असते, हा संकेत कुटुंबाला दवाखान्याऐवजी देवऋषीकडे नेतो.

हा प्रश्न केवळ व्याकरणाचा नव्हे. मुलांतील खिन्नता पुष्कळदा चिडचिड, पोटदुखी, शाळेची टाळाटाळ अशा रूपांत प्रकट होते, आणि डॉक्टरांपुढे ती मांडावयाची असते आईबापांनी. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ या वयोगटात मनोविकारांचे प्रमाण ७.३ टक्के आढळले. इतक्या मुलांची व्यथा घरच्या शब्दांवर अवलंबून आहे.

कायद्याच्या भाषेने या बाबतीत प्रगती केली आहे. १९१२ च्या कायद्यातील ‘ल्यूनॅटिक’ १९८७ मध्ये ‘मेंटली इल पर्सन’ झाला, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने ‘पर्सन विथ मेंटल इलनेस’ असे म्हणून व्यक्ती आणि आजार यांची फारकत केली. मराठीतील ‘मनोरुग्ण’ हा सामासिक शब्द ती फारकत पुसून टाकतो. ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ ही संज्ञाही सदोष आहे. अज्ञान मुलाच्या बाबतीत हा प्रतिनिधी म्हणजे सामान्यतः त्याचे पालकच होत, हे त्या संज्ञेवरून कोणत्या आईस उमगेल? त्याच अधिनियमाच्या कलम ८७ प्रमाणे अज्ञान मुलास अपवादात्मक परिस्थितीतच दाखल करता येते, त्यास प्रौढांपासून वेगळे ठेवावे लागते, आणि प्रतिनिधी अथवा परिचारक अखेरपर्यंत त्याच्याजवळ राहतो. ‘मुलाला कोंडून ठेवतील’ या भीतीवर याहून चांगले उत्तर नाही. परंतु ते जड परिभाषेआड दडून राहिले आहे.

ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ या विनामूल्य दूरध्वनिसेवेवर (१४४१६) मराठीतही बोलता येते. तेथे कोणतीही संज्ञा ठाऊक असण्याची आवश्यकता नाही. ‘मुलाला झोप येत नाही, त्याला कशातच गोडी वाटत नाही’ एवढे सांगितले तरी पुरते. हीच चतुर्थीची रचना शाळांच्या सूचनापत्रांत व रुग्णालयांच्या फलकांवर यावयास हवी. पारिभाषिक कोश सिद्ध करणाऱ्यांनी घरातील हे वाक्य प्रथम ऐकावे, आणि मग संज्ञा घडवावी.